समुद्रावर जाताना आधी तिथी बघा

एप्रिल संपत आला की आमच्या ओपीडीत एक वेगळाच रुग्ण येऊ लागतो. त्याला काहीही झालेले नसते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, टेम्पो ट्रॅव्हलर ठरलेली असते, चार घरांतली पंधरा-सोळा माणसे निघणार असतात. ‘डॉक्टरसाहेब, अलिबागला चाललोय, जरा गोळ्या लिहून द्या.’ उलटीची, जुलाबाची, तापाची, अंगावर पित्त उठले तर त्याची. मी लिहून देतो. मग विचारतो, पाण्यात किती वाजता उतरणार? यावर समोरचा गोंधळतो. खोली किती वाजता मिळणार, नाश्ता किती वाजेपर्यंत आहे, परतताना पेणच्या अलीकडे वाहतूक कोंडी कधी सुरू होते, हे सगळे त्याला पाठ असते. पाण्यात उतरायची वेळ मात्र कुणीच ठरवलेली नसते. ‘पोचलो की उतरू, अजून काय!’

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या आपल्या लोकांचे समुद्राशी नाते तसे पाहुण्यासारखे. आपल्याला नदी माहीत आहे, बारवीचे धरण माहीत आहे, पावसाळ्यात कोंडेश्वरचे कुंड माहीत आहे. कॅम्पातल्या जुन्या सिंधी कुटुंबांत कराचीहून जहाजाने आलेली माणसे होती. त्यांना समुद्र ओळखीचा होता, झूलेलालची पूजा करणारा हा समाजच मुळात पाण्याला मानणारा. पण पुढच्या पिढ्या दुकानांत, कारखान्यांत, लोकलमध्ये वाढल्या. वर्षातून एकदा समुद्र बघणाऱ्या माणसाला तो एकाच जागी असलेला, एकसारखा दिसतो. तसा तो नसतो. सकाळी जिथे मुले चेंडू खेळत होती तिथे दुपारी पुरुषभर पाणी असते. हे ऐकून ठाऊक असणे वेगळे आणि सहलीचे वेळापत्रक त्यावर बेतणे वेगळे.

त्यात हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत. भूमध्य समुद्रातल्या बेटांवरचे वाळूचे किनारे बघून मुलांना वाटते, समुद्र म्हणजे असाच. ग्रीसच्या क्रीट बेटाला लागून एलाफोनिसी नावाचे छोटे बेट आहे. गुलाबी झाक असलेली वाळू, आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत उथळ पाणी. माणसे लहान मुलांना हाताशी धरून चालत पलीकडे जातात. छानच आहे ते. पण भूमध्य समुद्र हा जवळजवळ चहूबाजूंनी बंद असलेला समुद्र. बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. त्यामुळे तिथे भरती-ओहोटी नावापुरतीच, बहुतेक ठिकाणी वीतभर किंवा थोडी जास्त. तिथे सहल आखणाऱ्याला भरतीची वेळ बघावी लागत नाही. (वारा आणि लाटा मात्र तिथेही बघाव्याच लागतात.) आपल्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या आसपास चढते आणि तेवढेच उतरते, तेही दिवसातून दोनदा. चार मीटर म्हणजे चाळीतल्या एका मजल्याहून जास्त. एलाफोनिसीसारखेच चालत जायचे बेट आपल्याकडे आहे, अलिबागचा कुलाबा किल्ला. तिथे मात्र घड्याळ न बघता गेलेला माणूस किल्ल्यातच अडकतो, किंवा अडकू नये म्हणून चढत्या पाण्यात उतरतो. हे दुसरे जास्त वाईट.

म्हणून माझा पहिला सल्ला गोळ्यांचा नसतो. घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि सहलीच्या दिवशी तिथी कोणती आहे ते बघा.

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाने फरक पडत नाही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. यामागे गूढ काही नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, त्याच्यामागून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. पाऊण तास धरला की हिशेब सोपा होतो, इतकेच. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात राहते. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकरा सांगतो, प्रत्यक्षात मुंबईला पाणी बाराच्या आसपास भरते. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि पाणी चढते-उतरतेही कमी. अचूक वेळा मोबाइलवर मिळतात, वर्तमानपत्रांतही छापून येतात, त्या जरूर बघा. पण हा हिशेब तोंडपाठ असला तर दोन महिन्यांनंतरच्या सहलीची तारीख ठरवतानाच उपयोगी पडतो, म्हणून तो सांगतो.

आता पौर्णिमेला लागून आलेला शनिवार-रविवार घ्या. चांदणे मिळेल म्हणून हौसेने हीच तारीख धरली जाते. पौर्णिमा आणि अमावास्येला, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाण असते. पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. भरती दुपारी बाराला, ओहोटी संध्याकाळी सहाला. या सहा तासांत पाणी एकसारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात थोडेच उतरते, शेवटच्या तासातही थोडेच. मधल्या दोन तासांत, म्हणजे दोन ते चार या वेळात, एकूण उतारापैकी निम्मा उतार होतो. चार मीटरमधले दोन मीटर! आणि आपली मंडळी पाण्यात कधी उतरतात? सकाळी सहाला निघून दुपारी पोचतात, सुरमईच्या ताटावर आडवा हात मारतात, काही जण आधी ‘थंड’ घेतात, आणि दोन-अडीचला ‘चला रे’ म्हणत थेट पाण्यात. पाणी ज्या वेळी सर्वांत वेगाने समुद्राकडे निघालेले असते, नेमकी तीच वेळ. खाडीच्या तोंडाशी तर हा ओढा भयंकर असतो, कारण आत शिरलेले सगळे पाणी त्याच अरुंद वाटेने बाहेर पडत असते. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी, देवबागला कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे. फोटोला या जागा सुंदर आहेत. पोहायला नाहीत.

कुलाबा किल्ल्याचा हिशेबही असाच. १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या काळात बांधायला घेतलेला हा किल्ला किनाऱ्यावरून हाताच्या अंतरावर वाटतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर तासाभरात परतीच्या वाटेवर असावे. आत गणपतीचे देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, मुलांचा पाय निघत नाही, पण घड्याळ मोठ्यांच्या हातात असावे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी पुरते उतरतच नाही. त्या दिवसांत चालत जायचा हट्ट नको, होडी बरी. आणि वाटेत स्थानिक माणसाने ‘आता नका जाऊ’ म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नये. आपल्याकडे वाद घालणारे फार!

पण तिथीचा हिशेब कळला म्हणजे समुद्र कळला, असे नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून गेले. त्या दिवशी पौष कृष्ण अष्टमी होती. म्हणजे उधाण नव्हते, भांग होती, पाणी सर्वांत कमी चढण्या-उतरण्याचे दिवस. पावसाळाही नव्हता. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल २०१७ ला, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. तेव्हाही ऐन उन्हाळा. दोन्ही ठिकाणी तरुण, धडधाकट मुले, मोठा गट, आणि अनोळखी किनारा. या दोन तारखा मी सहलीला निघालेल्या शिक्षकांना आवर्जून सांगतो, कारण ‘आम्ही काय पावसाळ्यात जात नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

वाळूच्या किनाऱ्यावर लाटा येतात त्या दिसतात, परत जाणारे पाणी दिसत नाही. किनाऱ्याला आदळलेले पाणी कुठून तरी मागे जाणारच. वाळूत खोलगट वाट असेल तर ते एकवटून त्या वाटेने वेगाने आत जाते. याला शास्त्रीय भाषेत रिप करंट म्हणतात, किनाऱ्यावरची माणसे नुसती ‘ओढ’ म्हणतात. गंमत अशी की, या ओढीच्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि जरा गडद दिसते. नवख्या माणसाला तीच जागा मुलांसाठी चांगली वाटते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधेच एक शांत पट्टा दिसला, की तिथे उतरायचे नाही. ओहोटीला ही ओढ बहुधा जास्त जोर धरते.

ओढीत सापडलेला माणूस तोंड किनाऱ्याकडे करून जिवाच्या आकांताने हात मारतो आणि दमून बुडतो. ऑलिम्पिकमधला जलतरणपटू सेकंदाला दोन मीटरच्या जरासा पुढे जातो, आपण एक मीटरही जात नाही. ओढ त्याहून वेगवान असू शकते. तिच्याशी ताकदीने जिंकता येत नाही. पण ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त आत नेते, आणि तिची रुंदी फार नसते. म्हणून पहिले काम तरंगत राहायचे, श्वास सांभाळायचा, हात वर करून हाक मारायची. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचे, आणि लाटा फुटताना दिसतील तिथून परत यायचे. उल्हास नदीत पोहायला शिकलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावे लागते. नदीत धारेला तिरके कापून काठ गाठायची सवय असते, काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्राला एकच काठ. शिवाय विहिरीत सूर मारणाऱ्याला लाटेत श्वास कधी घ्यायचा, हे ठाऊक नसते. पोहता येणारी मुले बुडतात ती बहुधा अशीच.

बुडणे कसे दिसते, याविषयी सिनेमाने आपले फार नुकसान केले आहे. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याला ते शक्यच नसते. फ्रँक पिया नावाच्या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने १९७० च्या दशकात खऱ्या घटनांच्या चित्रफिती बघून हे नोंदवून ठेवले. तोंड पाण्याच्या पातळीवर, क्षणभर वर, क्षणभर खाली, डोके मागे कललेले, शरीर उभे, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबणारे. वरवर बघणाऱ्याला वाटते, मूल उड्या मारतेय. हे सगळे वीस सेकंदांपासून जास्तीत जास्त मिनिटभर चालते. तेवढ्यात आई फोटो काढून होते आणि मूल दिसेनासे होते. लहान मुलांपासून मोठ्याचा हात एका हाताच्या अंतरावर हवा, आणि तो मोठा त्या वेळी मोबाइलवर नसावा, प्यायलेला तर मुळीच नसावा. दारूविषयी मी लांबण लावत नाही. घेतली असेल त्याने त्या दिवशी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. विषय संपला.

दुसरी दुर्दैवी गोष्ट म्हणजे एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एका घरातली दोन-तीन माणसे एका वेळी जातात ती अशी. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला घट्ट धरतो, तो त्याच्या वशात नसतो. म्हणून आधी काही तरी फेका. पाण्याचा पाच लिटरचा रिकामा, झाकण लावलेला कॅन माणसाला तरंगत ठेवतो. दोर, ओढण्या एकमेकींना बांधून, लांब काठी. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये एक पन्नास फूट दोर आणि दोन रिकामे कॅन टाकून निघा, असे मी सांगतो. लोक हसतात, पण नेतात काही जण.

माणूस बाहेर काढल्यानंतर पहिली पाच मिनिटे काय होते यावर सगळे ठरते. आपल्याकडे त्याला पालथा घालून पोट दाबतात, पाय धरून उलटा लटकवतात, खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात. यातून जे पाणी बाहेर पडते ते पोटातले, फुप्फुसातले नव्हे. वेळ जातो तो जातोच, वर ओकारी श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून त्याला आधी श्वास द्यायचा असतो. हृदयविकाराच्या झटक्यात नुसती छाती दाबली तरी चालते, असे आपण ऐकतो. बुडालेल्या माणसाला ते पुरेसे नाही. उताणा झोपवा, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्या, छाती वर येते का बघा. मग छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब, पुन्हा दोन श्वास. ओकारी झाली तर कुशीवर वळवा, तोंड पुसा, पुन्हा सुरू. तोंडातून फेस येत राहतो, तो काढत बसू नका. दुसऱ्याने १०८ लावायचा. दमलात तर माणूस बदला, पण थांबू नका. हे वाचून येत नाही, एकदा कुणाकडून तरी पुतळ्यावर शिकून घ्यावे लागते. तासाभराचे काम आहे. मंडळे, सोसायट्यांनी सहलीआधी आमच्यासारख्या एखाद्या डॉक्टरला बोलावले तर कुणी नाही म्हणणार नाही.

शुद्धीवर आला, चालायला लागला, म्हणून विषय संपत नाही. पाणी फुप्फुसात गेले असेल तर तिथला हवेचे फुगे उघडे ठेवणारा चिकट थर धुऊन जातो आणि श्वास काही तासांनी बिघडू शकतो. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, मूल झोपाळू झाले असेल, तर खोलीवर नेऊन चहा पाजू नका, रुग्णालयात न्या. तिथे काही तास नजरेखाली ठेवावे लागते. समुद्राचे पाणी की गोडे पाणी, याने उपचारात फारसा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. समुद्रकिनाऱ्यांइतकीच ती विहिरी, तळी, नद्यांमधली आहेत. कोंडेश्वरला दर पावसाळ्यात काय होते, हे बदलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्यात माशांच्या विणीचा विचार आहे, तसाच खवळलेल्या समुद्राचाही. ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो कोळी होडी वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतो, आणि आपण ट्यूब घेऊन आत शिरतो! पावसाळ्यात समुद्र बघायला जा, भजी खा, पाण्यात पाय घालू नका.

पाण्यातल्या प्राण्यांविषयी लोक फार विचारतात, प्रत्यक्षात तो त्रास लहान असतो. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टमध्ये, मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे फुग्यांसारखे ब्लू बॉटल येतात. वाळूवर मेलेले दिसले तरी मुलांनी हात लावायचा नाही, त्यांच्या धाग्यांत डंख शिल्लक असतो. लागलेच तर वाळू चोळायची नाही, लघवी किंवा लिंबू लावायचे नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन धागे चिमट्याने काढायचे आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचा. दुसरा पाकट, वाळूत चपटा पडून राहणारा मासा. शेपटीला काटा. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना याचा डंख झाला होता. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालले की तो आधीच पळतो. डंखाला उपाय तोच, गरम पाणी. त्याने या विषातली प्रथिने निकामी होतात आणि वेदना आश्चर्य वाटावे इतकी उतरते. गरम म्हणजे दुसऱ्याच्या हाताने तपासलेले, कारण दुखणाऱ्या पायाला भाजलेले कळत नाही. काटा खोल रुतला असेल, पोटात-छातीत लागला असेल, तर मात्र उपटू नका, रुग्णालय गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन दोन्ही प्रकारांत विचारून घ्या.

न कळणाऱ्या भाजण्यावरून मधुमेहाचा विषय येतो, आणि माझ्या मते सहलीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. उन्हाळ्यात दुपारी कोरडी वाळू पन्नास अंशांच्या वर तापते. तुम्ही-आम्ही चप्पल काढताच उड्या मारत पाण्याकडे पळतो. दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या आजोबांच्या तळपायाला संवेदनाच कमी झालेली असते. ते शांतपणे नातवाच्या मागे अनवाणी फिरतात. रात्री मोजा काढताना किंवा दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर फोड दिसतो. पुढे ती जखम महिनोन्‌महिने चालते, कधी बोट जाते. हे टाळायची चाचणी घरच्या घरी होते. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करा. टोचायचे नाही, दाबायचे नाही. ‘लागले की सांगा’ म्हणा. सहापैकी दोन किंवा जास्त वेळा कळले नाही, तर पायाची संवेदना कमी आहे असे समजा. अशा माणसाने वाळूवर आणि पाण्यातही बंद सँडल घालायची, सपाता नाही, आणि रात्री तळपाय आरशात बघायचा. इन्सुलिनची कुपी गाडीत सोडायची नाही, बंद गाडीत ती उकळून निघते. बर्फावरही थेट ठेवायची नाही, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली की प्रवासापुरते भागते.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरला भेटावे. उन्हात घाम आणि वरून ती गोळी, दोन्ही मिळून चक्कर येते आणि लोक तिला ‘पित्त’ म्हणतात. स्वतःहून गोळी बंद करू नये, विचारून घ्यावे. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे घाम सुकतो, ऊन लागतेय हे कळत नाही. अकरा ते चार सावली, टोपी, अंगभर सुती कपडे. सावळी कातडी भाजत नाही हा समज आहे, भाजते. जुलाब किंवा फार घाम झाला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. पाकीट आणलेत तर त्यावर लिहिलेल्या मापानेच पाणी घाला, अर्धे पाकीट ग्लासात टाकून अंदाजपंचे नको.

मासळीविषयी एकच. बांगडा, टुना असे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले, तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवून, तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल, डोके दुखते, अंगावर गांध्या. माणसाला वाटते आपल्याला मासळीची ऍलर्जी आहे, आणि बिचारा जन्मभर मासे सोडतो. दोष माशाचा नसतो, बर्फाचा असतो. तरी घसा सुजला, धाप लागली, तर हा विचार करत बसू नका, डॉक्टरकडे जा. कोकणात जुन्या घरात उतरला असाल तर सकाळी बूट झटकून घाला. तिथला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने त्या दंशाचे मृत्यू कसे कमी होतात, हे त्याच भागात काम करून दाखवले, आणि आज जगभरची पुस्तके ते मानतात. चावला तर गंडादोरा, उतारा यात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय.

खोली आरक्षित करतानाच मालकाला तीन प्रश्न विचारून ठेवा. रात्री उघडे असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि किती मिनिटांवर? किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, आणि किती वाजेपर्यंत? इथे पाण्यात कुठे उतरत नाहीत? गोव्यात २००८ पासून बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, लाल-पिवळे झेंडे लावून पोहायची जागा आखलेली असते. कोकणात प्रत्येक किनाऱ्यावर तशी सोय नाही, तिथे झेंड्याचे काम गावातल्या माणसाच्या तोंडाने होते. रुग्णवाहिकेचा १०८, आणीबाणीचा ११२ आणि समुद्रात कुणी वाहून गेले तर तटरक्षक दलाचा १५५४, हे तीन क्रमांक चालकाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. तुमच्या नको, त्याच्या. तुमचा त्या वेळी खोलीत चार्जिंगला लावलेला असतो.